सात ते अकरा: परीक्षेला गहाण पडलेली वर्षं

इंग्लंडमधल्या खाजगी शाळांना अभ्यासक्रम ठरवायची जी मुभा आहे, ती कुणालाही हेवा वाटावा अशी आहे. १९८८ च्या शिक्षण सुधारणा कायद्याने नॅशनल करिक्युलम आणला तो सरकारी शाळांसाठी. खाजगी शाळांवर तो तेव्हाही बंधनकारक नव्हता, आजही नाही. सरकारी शाळांतली मुलं इयर सिक्सच्या, म्हणजे प्राथमिक शाळेतल्या शेवटच्या वर्षाच्या, अखेरीस सॅट्स नावाच्या ज्या राष्ट्रीय चाचण्या देतात, त्याही खाजगी शाळांनी घेतल्याच पाहिजेत असं नाही. २०१४ मध्ये खाजगी शाळांसाठी जे नियम झाले, त्यांत अभ्यासक्रमाबद्दलची अट अगदी ढोबळ आहे. भाषा, गणित, विज्ञान, तंत्रज्ञान, मानव आणि समाज, शारीरिक शिक्षण, कला आणि सर्जन या क्षेत्रांचा मुलांना अनुभव मिळायला हवा. कोणत्या वर्षी काय शिकवायचं, कशाला किती तास द्यायचे, कुठे रेंगाळायचं आणि काय गाळायचं, हे सगळं शाळेच्या हातात.

आता मुलींच्या खाजगी ज्युनिअर स्कूलमध्ये, म्हणजे सात ते अकरा वयाच्या मुली जिथे शिकतात तिथे, या मुभेचं काय होतं ते पाहू. या चारांतलं पहिलं वर्ष, इयर थ्री, बरं जातं. इयर फोरमध्ये पालकसभेत पहिल्यांदा इलेव्हन प्लसचा, म्हणजे अकराव्या वर्षी सिनिअर शाळेत जाण्यासाठीच्या प्रवेशपरीक्षेचा, विषय निघतो. इयर फाइव्हच्या टाइमटेबलमध्ये व्हर्बल रीझनिंग आणि नॉन-व्हर्बल रीझनिंगचे, म्हणजे शब्दांच्या आणि आकृत्यांच्या तर्ककोड्यांचे, तास येतात. ते बसवायला भूगोल, हस्तकला, प्रयोगाचे तास आखडतात. सुट्टीत सराव-पेपर घरी येतात. इयर सिक्सचं पहिलं सत्र परीक्षा आणि मुलाखती यांच्या छायेत जातं. बऱ्याच शाळांच्या प्रवेशपरीक्षा नोव्हेंबर ते जानेवारी या काळात होतात. निकाल लागले की शाळेला एकदम कंठ फुटतो. नाटक बसतं, सहली निघतात, मुली आठवडाभर एकाच प्रकल्पावर काम करतात, तळ्यातले जीव गोळा करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. अभ्यासक्रमातलं जे सर्वांत मोलाचं, ते परीक्षा संपल्यावरचं बक्षीस म्हणून मुलींच्या हाती पडतं.

माझं म्हणणं असं आहे की हा क्रम उलटा आहे, आणि मुलींच्या बाबतीत तो जास्त घातक आहे. या चार वर्षांत मुलींना ज्या गोष्टीची सर्वांत जास्त गरज असते, नेमकी तीच प्रवेशपरीक्षेची तयारी त्यांच्याकडून काढून घेते. सरकारी शाळेचे हात बांधलेले आहेत, तिची अडचण समजू शकते. खाजगी शाळा मात्र मोकळे असलेले हात स्वतःच बांधून घेते.

गरज कसली, ते आधी सांगते. २०१७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिन बियान, सारा-जेन लेस्ली आणि आंद्रेई सिंपियन या संशोधकांनी अमेरिकन मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाच, सहा आणि सात वर्षांच्या मुलामुलींना त्यांनी 'खूप, खूप हुशार' अशा एका व्यक्तीची गोष्ट सांगितली. ती व्यक्ती बाई की पुरुष हे सांगितलं नाही. चित्रं दाखवून ओळखायला सांगितलं. पाच वर्षांच्या मुलींनी बाई निवडली, मुलग्यांनी पुरुष. सहाव्या वर्षापासून मुलींचा कौल बदलू लागला. हुशार व्यक्ती बाई असेल असं म्हणणाऱ्या मुली कमी झाल्या. मग मुलांना दोन खेळांबद्दल विचारलं. एक 'खूप हुशार मुलांसाठी' म्हणून सांगितलेला, दुसरा 'खूप मेहनत करणाऱ्या मुलांसाठी' म्हणून. मेहनतीच्या खेळात मुलींना मुलग्यांइतकाच रस होता. हुशारीच्या खेळातून त्या मागे सरल्या.

या अभ्यासातला एक धागा सहसा सुटून जातो, आणि माझ्या मते सगळं इंगित त्यातच आहे. शाळेत चांगले गुण कुणाला मिळतात, असं विचारल्यावर त्याच मुलींनी 'मुलींना' असं सांगितलं. म्हणजे सहा-सात वर्षांची मुलगी गुणांच्या बाबतीत अजिबात साशंक नसते. आपल्याला गुण मिळतात हे तिला पक्कं माहीत असतं. फक्त गुण आणि हुशारी यांची तिच्या मनात फारकत झालेली असते. गुण मेहनतीचे, हुशारी दुसऱ्या कुणाची. अशा मुलीला आणखी परीक्षा द्यायला लावून आणखी गुण मिळवून दिले, तर तिचा कोणता समज बदलणार? जे तिच्यापाशी आहे त्याचीच भर पडते, आणि जे डळमळीत झालंय ते तसंच राहतं.

मी या वयाच्या मुलींना गणित शिकवते, त्यामुळे ही गोष्ट मला वहीत दिसते. इयर फाइव्हच्या वर्गाला एकदा बुद्धिबळाचा पट दिला आणि विचारलं, यात एकूण चौरस किती? जवळजवळ सगळ्यांनी लगेच ६४ लिहिलं. एकीच्या वहीत ६४ च्या खाली कागद करडा आणि पातळ झाला होता, खोडरबरने घासघासून. तिथे काय होतं विचारलं तर म्हणाली, "चुकलं होतं, मिस." मी तिला परत लिहायला लावलं. दोन बाय दोनचे मोठे चौरसही मोजायला हवेत हे तिच्या लक्षात आलं होतं. पटाचे चार-चार घरांचे तुकडे पाडून तिने १६ लिहिले होते. मग ते चौरस एकमेकांवर सरकवताही येतात असं तिला दिसलं, १६ बरोबर नाही हे कळलं, आणि तिने सगळंच खोडून टाकून ६४ वर समाधान मानलं. वर्गात त्या क्षणी सर्वांत पुढे पोचलेली मुलगी तीच होती, आणि आपण चुकलो याची सर्वांत जास्त खात्रीही तिलाच होती. आम्ही दोघींनी बसून मोजले, ४९ आले. त्यावर तिने पुढचं न मोजताच सांगितलं, "मग तीन बाय तीनचे ३६." उरलेला तास तिला माझी गरज पडली नाही. २०४ ला ती एकटीच पोचली.

या प्रश्नाला मी त्या दिवशी अख्खा तास देऊ शकले, कारण वेळापत्रकात तो तास मोकळा होता. इलेव्हन प्लसच्या पेपरमध्ये एका प्रश्नाच्या वाट्याला अनेकदा मिनिटभरही येत नाही. तिथे त्या मुलीने काय केलं असतं ते उघड आहे: ६४ चा पर्याय निवडून ती पुढच्या प्रश्नाकडे गेली असती. तिला तसंच करायला शिकवलेलं असतं. शंका आली की थांबू नकोस, येत नसेल ते सोड, शेवटी वेळ उरला तर परत ये. परीक्षेचं तंत्र म्हणून हा सल्ला योग्य आहे, मीही तो देते. पण नऊ वर्षांच्या मुलीला दोन वर्षं रोज हेच सांगितलं की ते तंत्र राहत नाही, स्वभाव होतो. ज्या मुलीची अडचण मुळात 'चुकण्याची भीती' हीच आहे, तिला आपण चुकीपाशी न थांबण्याची सवय लावतो.

याला एक वजनदार आक्षेप आहे, आणि तो इंग्लंडमधल्या मुलींच्या शाळांच्या इतिहासातूनच येतो. परीक्षा ही मुलींची शत्रू कधीपासून झाली? तिनेच तर दार उघडलं! हे खरं आहे. फ्रान्सिस मेरी बस यांनी १८५० मध्ये लंडनच्या कॅम्डन भागात नॉर्थ लंडन कॉलेजिएट स्कूल काढलं, तेव्हा मध्यमवर्गीय मुलींचं शिक्षण म्हणजे थोडं फ्रेंच, थोडा पियानो, भरतकाम आणि पाठ केलेली प्रश्नोत्तरं. १८६३ च्या डिसेंबरमध्ये मुलींच्या शिक्षणासाठी झगडणाऱ्या एमिली डेव्हिस यांच्या खटपटीमुळे केंब्रिज विद्यापीठाची शाळकरी मुलांसाठीची लोकल परीक्षा मुलींना पहिल्यांदा, प्रयोग म्हणून, देता आली. वरच्या गटातल्या बहुतेक मुली अंकगणितात नापास झाल्या. बस यांनी त्या निकालातून धडा घेतला आणि अंकगणित शिकवण्याची पद्धतच बदलली. १८६५ पासून ही परीक्षा मुलींना रीतसर खुली झाली. १८६८ मध्ये शाळांची पाहणी करणाऱ्या सरकारी टाँटन आयोगाचा अहवाल आला. मुलींच्या शिक्षणाला पाया नाही, शिस्त नाही, वरवरची चमक फार आणि शोभेच्या कलांना वेळ जास्त, असा त्याचा निष्कर्ष होता. चार वर्षांनी, १८७२ मध्ये, मारिया ग्रे आणि एमिली शिरेफ या बहिणींच्या पुढाकाराने गर्ल्स पब्लिक डे स्कूल कंपनी निघाली. आजच्या गर्ल्स डे स्कूल ट्रस्टचं, म्हणजे मुलींच्या शाळा चालवणाऱ्या संस्थेचं, मूळ तिच्यात आहे.

त्या काळात परीक्षा ही मुलींची साक्षीदार होती. मुलींना गणित जमत नाही असं म्हणणाऱ्यांना दाखवायला तो कागद हवा होता. आज असं कुणी उघडपणे म्हणत नाही, आणि म्हटलं तर तो कागद भरभरून उपलब्ध आहे. सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेला मुलींचे निकाल वर्षानुवर्षं मुलांपेक्षा सरस लागत आले आहेत. तरी त्यापुढच्या दोन वर्षांच्या ए लेव्हलला भौतिकशास्त्र घेणाऱ्यांत मुलींचा वाटा पाव हिश्शालाही पोचत नाही. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेने २०१५ मध्ये पंधरा वर्षांच्या मुलामुलींच्या चाचण्यांचं विश्लेषण मांडलं, त्यातही हेच दिसलं. गणितातला आत्मविश्वास आणि गणिताची धास्ती सारखी असलेली मुलं-मुली शेजारी ठेवली, की त्यांच्या गणिताच्या गुणांतली तफावत जवळपास नाहीशी होते. कुलूप बदललंय. जुनी किल्ली फिरवत राहून ते उघडणार नाही.

त्या पिढीकडून घ्यायचंच असेल तर दुसरं काही घ्यावं. डोरोथिया बील १८५८ मध्ये चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्रमुख झाल्या. मुलींना गणित आणि विज्ञान शिकवलं तर पालक मुली काढून घेतील आणि शाळा बुडेल, अशी परिस्थिती होती. बील यांनी 'प्राकृतिक भूगोल' असं निरुपद्रवी नाव घेऊन त्याखाली विज्ञान शिकवायला सुरुवात केली. भूगोल फारसे मुलगे शिकत नसत, त्यामुळे तो पुरुषी विषय आहे असा आक्षेप कुणी घेतला नाही. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. शाळा फीवर चालत होती, पालक नाराज झाले तर शाळा बंद पडणार होती, आणि तरीही अभ्यासक्रमात काय असावं हे शाळेच्या प्रमुखांनी मुलींकडे बघून ठरवलं. आज पालकांच्या दडपणाचं कारण पुढे करणाऱ्या मुख्याध्यापिकांच्या शाळा बील यांच्या शाळेपेक्षा कितीतरी सुस्थितीत आहेत.

"फक्त मुलींची शाळा आहे ना, मग झालं," असंही ऐकू येतं. वर्गात मुलगे नसले की मुली आपोआप हात वर करतात, प्रयोगाचं साहित्य आपोआप त्यांच्या हाती येतं, असा यामागचा विचार. त्यात थोडं तथ्य आहे. इंग्लंडमधल्या इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्सने २०१२ मध्ये दाखवलं होतं की सरकारी शाळांचा विचार केला तर केवळ मुलींच्या शाळांतल्या मुली ए लेव्हलला भौतिकशास्त्राकडे जाण्याची शक्यता सहशिक्षणातल्या मुलींच्या सुमारे अडीच पट होती. पण २०१४ मध्ये एरिन पाल्की, जॅनेट हाइड आणि कार्ली ॲलिसन यांनी २१ देशांतले १८४ अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा नीट नियंत्रण ठेवून केलेल्या अभ्यासांत एकलिंगी शाळांचा फायदा नगण्य निघाला किंवा निघालाच नाही. या दोन्ही गोष्टी मी एकत्र अशा वाचते: भिंतीच्या आत फक्त मुली आहेत एवढ्याने काही होत नाही. आत काय शिकवलं जातं यावर सगळं ठरतं. मग मुलींच्या शाळेने तर अभ्यासक्रमाबद्दल जास्तच काटेकोर असायला हवं, कारण तिचं वेगळेपण सिद्ध करायला दुसरं काही नाही.

काय असावं त्यात? सगळ्यात आधी, हातांनी काहीतरी घडवणं, तेही दर आठवड्याला, सलग दोन तास, चारही वर्षं. अवकाशाची जाण, म्हणजे एखादी वस्तू मनात फिरवून बघणं, सपाट कागदाची घडी घातल्यावर काय आकार होईल ते ओळखणं, नकाशावरून वाट काढणं, ही क्षमता अभियांत्रिकी, भौतिकशास्त्र, शस्त्रक्रिया अशा अनेक क्षेत्रांच्या मुळाशी आहे. तिच्यात सरासरीने मुलगे पुढे दिसतात म्हणून ती जन्मजातच असते असं पुष्कळांना वाटतं. डेव्हिड उटाल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये २१७ अभ्यासांचा आढावा घेतला आणि सरावाने ही क्षमता वाढते, टिकते, न शिकवलेल्या कामांतही उपयोगी पडते, असं दाखवलं. सात-आठ वर्षांच्या मुलीला करवत, पुठ्ठा, दातेरी चाकं, कप्पी, दोर दिले पाहिजेत. शिवणकामसुद्धा यात परत आणावं असं माझं ठाम मत आहे. एकोणिसाव्या शतकातल्या सुधारकांनी ज्या भरतकामाविरुद्ध लढा दिला ते शोभेचं होतं. पण सपाट कापडातून बाहीचा तुकडा असा बेतणं की जोडल्यावर तो खांद्याच्या गोलाईवर बसेल, ही शुद्ध भूमिती आहे, आणि चूक झाली तर ती खोडरबरने खोडता येत नाही. उसवून परत शिवावं लागतं.

नॉन-व्हर्बल रीझनिंगमध्ये आकृत्याच फिरवायच्या असतात, मग तो याच क्षमतेचा सराव नाही का, असं कुणी विचारेल. थोडासा आहे. पण तिथे पाच तयार पर्यायांतून एक निवडायचा असतो. पर्याय बाद करत करत उत्तरापर्यंत जायची युक्ती मुली महिन्याभरात शिकतात आणि मग आकृती फिरवून बघायची गरजच उरत नाही. हातात घेतलेलं लाकूड असे पर्याय देत नाही.

दुसरी गोष्ट गणित शिकवणाऱ्यांची. शिकागो विद्यापीठातल्या सियान बायलॉक आणि सहकाऱ्यांचा २०१० मधला अभ्यास मला बेचैन करतो. पहिली-दुसरीच्या शिक्षिकांना स्वतःला गणिताची जितकी धास्ती, तितका वर्षाच्या शेवटी त्यांच्या वर्गातल्या मुलींवर परिणाम दिसला. 'मुलगे गणितात हुशार, मुली वाचनात' असं मानण्याकडे त्या मुलींचा कल वाढला आणि तसं मानणाऱ्या मुलींची गणितातली प्रगतीही मागे राहिली. मुलग्यांवर असा परिणाम दिसला नाही. अभ्यास लहान होता, १७ शिक्षिकांचा, पण त्यातलं तर्कशास्त्र समजायला कठीण नाही. लहान मुली ज्या बाईंकडे बघून मोठ्या होतात, त्याच बाई गणिताच्या तासाला आक्रसतात. मुलींच्या ज्युनिअर शाळांत शिक्षिकाच बहुसंख्य असतात. मँडरिनसाठी, संगीतासाठी, लॅक्रॉससाठी या शाळा तज्ज्ञ नेमतात. वर्गशिक्षिकांना गणिताचं सखोल, निवांत प्रशिक्षण देण्यावर त्यातला निम्मा खर्च जरी केला, तरी मुलींना त्याचा फायदा मँडरिनपेक्षा जास्त काळ पुरेल.

तिसरी गोष्ट वाद घालण्याची. इथे मला वक्तृत्वस्पर्धा अभिप्रेत नाही. लॅम्डाच्या, म्हणजे भाषण-अभिनयाच्या, परीक्षांसाठी मुली कविता सुंदर म्हणतात, ते त्यांना येतंच. मला हवंय ते असहमत होणं, उत्तर ऐकून स्वतःचं मत बदलणं, आणि तसं बदललं हे उघड सांगणं. 'फिलॉसफी फॉर चिल्ड्रन' नावाची चर्चेची पद्धत इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळांत बरीच वापरली गेली. २०१५ च्या चाचणीत तिच्यामुळे वाचन आणि गणित सुधारल्याचं दिसलं; पुढच्या मोठ्या चाचणीत तो परिणाम टिकला नाही. म्हणून कुणी ती सोडून द्यावी असं मला वाटत नाही. मैत्रिणीचं म्हणणं खोडून काढलं तरी मैत्री राहते, हे नवव्या वर्षी कळणं याला वाचनाच्या गुणांचा आधार लागू नये. मुलींच्या शाळेत मैत्री तुटण्याची भीती किती खोल असते हे तिथे शिकवणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे.

मैदानाबद्दल थोडक्यात. झाडावर चढू द्या, चिखलात खेळू द्या, गुडघे फुटू द्या. आणि भिंतीवरच्या 'तू काहीही करू शकतेस' अशा पोस्टरांबद्दल याहूनही थोडक्यात: ती काढली तरी चालतील. एखादी गोष्ट करता येते हे मुलीला ती केल्यावरच कळतं.

पालकांबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण शाळा प्रत्येक वेळी त्यांच्याकडेच बोट दाखवते. लंडनमधल्या अशा अनेक शाळांची फी वर्षाला वीस हजार पौंडांच्या पुढे आहे, आणि १ जानेवारी २०२५ पासून तीवर २० टक्के व्हॅट लागला आहे. एवढे पैसे मोजणारा पालक मुलगी पुढच्या चांगल्या शाळेत जाईल याची शाश्वती मागणारच. लंडनच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांत तर ही मागणी मला जास्त तीव्र दिसते. आपल्यातले बरेच जण स्कॉलरशिपच्या, प्रवेशाच्या परीक्षा देत इथवर आलेत. इलेव्हन प्लस हे आपल्याला ओळखीचं मैदान वाटतं, त्यात मुलीला कसं उतरवायचं ते आपल्याला कळतं. पुठ्ठ्याचा पूल बांधण्यात गेलेले दोन तास आपल्याला वाया गेलेले वाटतात, कारण त्याचे गुण कुठे दिसत नाहीत. या पालकांना मी दोष देत नाही. पण एक विचारते. मुलीला चांगल्या सिनिअर शाळेत प्रवेश मिळाला, आणि सोळाव्या वर्षी तिने 'मला ते झेपणार नाही' म्हणून भौतिकशास्त्र सोडलं, चांगले गुण असूनही, तर दहाव्या वर्षी केलेल्या त्या सगळ्या पेपरांनी तिला काय दिलं?

खाजगी शाळांचा प्रश्न खाजगीच राहू द्यावा, असंही कुणी म्हणेल. इंग्लंडमधली शंभरातली सहा-सात मुलंच तिथे शिकतात, बाकीच्यांनी त्याची चिंता का करावी? मला वाटतं, करावी. यातल्या कित्येक शाळा धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेल्या आहेत आणि आपण समाजाला काही देतो असा त्यांचा दावा आहे. द्यायचंच असेल तर शिष्यवृत्तीच्या चार जागांपेक्षा मोठं देणं त्यांच्या हातात आहे. सरकारी शाळेतल्या शिक्षिकेला सॅट्स चुकवता येत नाहीत, अभ्यासक्रमातला एक भाग सोडून दुसऱ्यावर महिना घालवता येत नाही. खाजगी शाळेला येतं. मुलींना गणित, विज्ञान, हस्तकौशल्य कसं शिकवलं तर त्या हुशारीवरचा हक्क सोडत नाहीत, हे करून बघायची, त्यात काय फसलं ते प्रामाणिकपणे लिहायची आणि शेजारच्या सरकारी शाळेला ते दाखवायची जागा हीच आहे. प्रा. बेकी फ्रान्सिस यांच्या समितीने २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये नॅशनल करिक्युलमबद्दलचा अंतिम अहवाल दिला. या चर्चेत मुलींच्या खाजगी शाळांना स्वतःच्या वर्गांतला काही अनुभव मांडता यायला हवा होता. परीक्षेच्या तयारीत गुंतलेल्या शाळेकडे मांडायला नवीन काय असणार?

सुरुवात कुठून करायची याचं माझं उत्तर ज्युनिअर शाळांकडून वर सरकतं. गाठ सिनिअर शाळांच्या हातात आहे. अनेक मुलींच्या ज्युनिअर शाळा सिनिअर शाळेला जोडलेल्याच असतात. फाटक एक, गणवेश एक, विश्वस्तही एकच. अशा ठिकाणी चार वर्षं रोज समोर बसलेल्या मुलीला परत प्रवेशपरीक्षेला बसवायचं काहीही कारण नाही. तिच्याबद्दल जे कळायला हवं ते तिच्या शिक्षिकांना सकाळच्या एका पेपरपेक्षा कितीतरी जास्त कळलेलं असतं. काही शाळा मुलींना थेट वर घेतात. तो नियमच व्हावा, आणि इयर फोर संपेपर्यंत पालकांना तसं लेखी सांगितलं जावं, म्हणजे इयर फाइव्ह मोकळं होईल. स्वतंत्र ज्युनिअर शाळांतून येणाऱ्या मुलींसाठी लंडनमधल्या अनेक मुलींच्या सिनिअर शाळा आधीच एकत्र येऊन सामाईक परीक्षा घेतात. एकत्र येऊन परीक्षा घेता येत असेल तर एकत्र येऊन ती बदलताही येईल. एका मुलीला एकच प्रश्न द्या, पाऊण तास द्या, तिने काय काय करून पाहिलं ते सगळं कागदावर राहू द्या, आणि गुण त्या सगळ्याला द्या. तपासायला वेळ लागेल, खर्चही येईल. पण तशा परीक्षेची तयारी करून घेणारी शाळा नाइलाजाने का होईना, नीट शिकवू लागेल.

तोवर पालकांच्या हातात ओपन डे, म्हणजे शाळा बघायला बोलावतात तो दिवस, आहे. त्या दिवशी सगळे नवीन प्रयोगशाळा आणि पोहण्याचा तलाव दाखवतात. तुम्ही इयर फाइव्हचं टाइमटेबल मागा, सप्टेंबर ते डिसेंबरचं, प्रत्यक्ष वर्गात लावलेलं. रीझनिंगचे तास किती, हातांनी घडवायचे किती, ते मोजा. मग इयर सिक्सचं उन्हाळी सत्राचं टाइमटेबल मागा आणि दोन्ही शेजारी ठेवून मुख्याध्यापिकांना विचारा, की यातलं दुसरं पहिल्याच्या जागी का नाही.